हिरड्यांतून रक्त, आहाराचं पॅकेज आणि बाळाचा विचार: आधी काय करावं? (फोंडा-पणजी भाग, सल्ला हवा)

अबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. मी ३२ वर्षांची, नवरा ३५. फोंड्याजवळ राहतो. मुलाचा विचार सुरू करून वर्ष होऊन गेलं, अजून दिवस राहिलेले नाहीत. पाळी नियमित आहे. मध्यंतरी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं म्हणून दात दाखवायला गेले. हिरड्यांखालची खोल साफसफाई करावी लागेल असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. बोलता बोलता त्या म्हणाल्या की हिरड्यांचा आजार असला तर गर्भ राहायलाही वेळ लागतो, तसा अभ्यास झालेला आहे. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

त्यातच एका ओळखीच्या बाईंनी तीन महिन्यांचं ‘फर्टिलिटी पॅकेज’ सुचवलंय. माझ्यासाठी पावडरी, नवऱ्याला झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड, आणि दोघांनाही मासे पूर्ण बंद. मासे बंद ऐकून सासूबाईंचा चेहरा उतरला. पैसेही थोडेथोडके नाहीत, आमच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढे आहेत.

दातांचं काम आधी उरकू की थांबू? उपचार चालू असतानाच दिवस गेले तर? आहारात बदलण्यासारखं खरंच काही आहे का? आणि बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात याच्या तपासणीसाठी कुणी गेलंय का? आगाऊ धन्यवाद.

दंतवैद्य_बार्देश

अबोलीताई, दातांचं काम आत्ताच करून घ्या. गर्भ लवकर राहील म्हणून नव्हे, ते वचन मी देणार नाही. हिरड्यांचा आजार आहे म्हणून, आणि दिवस राहिल्यावर तो वाढतो म्हणून. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, हिरड्यांचा रक्तपुरवठा वाढतो, आणि एरवी शरीराने निभावून नेलेल्या जंतूंच्या थराला हिरड्या जोरात सुजून उत्तर देतात. आधीच सुजलेल्या हिरड्या घेऊन त्या नऊ महिन्यांत शिरणं टाळता येत असेल तर टाळावं.

मध्येच दिवस गेले तरी घाबरू नका. अमेरिकेत हिरड्यांचा आजार असलेल्या ८२३ गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली छापले गेले. एका गटाची साफसफाई २१व्या आठवड्याच्या आत केली, दुसऱ्याची बाळंतपणानंतर. उपचारामुळे आईला किंवा बाळाला धोका वाढला नाही. भूल देण्यासाठी आम्ही वापरतो ते लिग्नोकेनही चालतं. चौथा ते सहावा महिना खुर्चीत बसायला सगळ्यात सोयीचा, पण दात ठणकत असेल तर कुठल्याच महिन्यात कळ काढत बसू नये. फक्त पहिल्याच दिवशी ‘आमचे प्रयत्न चालू आहेत’ हे डॉक्टरांना सांगा. टेट्रासायक्लिनच्या कुळातली औषधं बाळाच्या दातांवर कायमचे डाग पाडू शकतात, मग ती आम्ही लिहीत नाही.

आणखी दोन गोष्टी. हिरड्या वारंवार सुजत असतील तर एकदा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. गर्भ राहण्याआधी साखर कळलेली असणं फार मोलाचं आहे, पहिल्याच आठवड्यांत बाळाचे अवयव घडत असतात. दुसरं म्हणजे घरात कुणी मशेरी लावत असेल तर तुम्ही चुकूनही लावू नका. १९९२ पासून दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आहे, तरी ‘दात घट्ट होतात’ या समजुतीने घरी भाजलेली मशेरी लावणाऱ्या बायका माझ्याकडे आजही येतात. तंबाखू हिरड्यांनाही खातो आणि स्त्री-पुरुष दोघांच्या प्रजननक्षमतेलाही.

म्हादई_काठ

माझ्या मावसबहिणीने असंच पॅकेज घेतलं होतं, चौथ्या महिन्यात गोड बातमी आली. सगळंच थोतांड म्हणू नका कुणी. पैसे जमत असतील तर करून बघायला काय हरकत आहे?

आकडेमोड

म्हादई, बहिणीचं अभिनंदन, मनापासून. पण याचं श्रेय पॅकेजला देण्याआधी एक आकडा बघावा लागेल. स्त्रीचं वय चाळिशीच्या आत असेल तर पहिल्या वर्षात शंभरातल्या ८० हून जास्त जोडप्यांना गर्भ राहतो, आणि ज्यांना राहत नाही त्यांतल्या साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षात आपसूक राहतो. आता पॅकेज कोण घेतं? वर्षभर वाट पाहून थकलेली माणसं. म्हणजे त्यांना साधं पाणी दिलं असतं तरी बऱ्याच जणींना त्या वर्षात दिवस गेले असते. विकणाऱ्याला खोटं बोलावंही लागत नाही, यश आपोआप त्याच्या नावावर जमा होतं. माझं शिक्षण संख्याशास्त्राचं, आणि वैद्यकीय चाचण्यांचे आकडे तपासणं हे रोजचं काम, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

अबोलीताईंच्या डॉक्टरांनी सांगितलेला अभ्यास बहुधा पश्चिम ऑस्ट्रेलियातला, रॉजर हार्ट आणि सहकाऱ्यांचा, २०१२ साली छापलेला. हिरड्यांचा आजार असलेल्यांना दिवस राहायला सरासरी ७ महिने लागले, नसलेल्यांना ५. बातमी जगभर फिरली. पण ज्यांची माहिती घेतली त्या सगळ्या आधीच गरोदर होत्या, ज्यांना गर्भ राहिलाच नाही त्या त्यात नाहीत. किती महिने लागले हे त्यांनी आठवून सांगितलेलं. सिगारेट, वजन, घरची परिस्थिती या गोष्टी हिरड्याही बिघडवतात आणि गर्भधारणाही लांबवतात. गणितात त्यांचा परिणाम वजा करतात, पण तो पुरता वजा होत नाही. आणि हिरड्यांवर उपचार केल्यावर काय फरक पडतो, हा प्रश्न त्या आकड्यांना विचारलेलाच नव्हता.

मी एवढा हात राखून का बोलतो, तर याच वाटेवर एकदा ठेच लागलेली आहे. १९९६ साली अमेरिकेत ऑफेनबाखर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हिरड्यांचा गंभीर आजार असलेल्या मातांना अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता सातपटीहून जास्त दिसते. मोठी आशा निर्माण झाली, की दात साफ केले तर बाळं वाचतील. मग दंतवैद्यांनी वर सांगितलेली २००६ची चाचणी आली. हिरड्या सुधारल्या, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती कमी झाल्या नाहीत. २००९ साली यापेक्षा मोठी चाचणी झाली, तिचंही उत्तर तेच. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक सुधारली की दुसरी सुधारते असं नाही.

आता नवऱ्याच्या गोळ्या. त्या पॅकेजमधल्या नेमक्या याच जोडीची चाचणी झालेली आहे. उपचारासाठी आलेली २,३७० जोडपी, पुरुषांना सहा महिने रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि ३० मिलिग्रॅम झिंक, दुसऱ्या गटाला हुबेहूब दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. निष्कर्ष २०२० साली छापले. मूल जन्माला येण्याचं प्रमाण गोळ्या घेणाऱ्यांत ३४ टक्के, न घेणाऱ्यांत ३५. शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार, कशातच सुधारणा नाही. पोटाच्या तक्रारी मात्र गोळ्यावाल्यांत जास्त. या गोळ्यांवर एक रुपयाही घालू नका.

मासे बंद करण्याचा सल्ला तर उफराटा वाटतो. अमेरिकेत मिशिगन आणि टेक्सासमधल्या ५०१ जोडप्यांचा वर्षभर माग ठेवला होता, निष्कर्ष २०१८ साली आले. आठवड्याला दोनदाहून जास्त मासळी खाणाऱ्या जोडप्यांपैकी ९२ टक्क्यांना वर्षाअखेर गर्भ राहिलेला होता, कमी खाणाऱ्यांत ७९ टक्क्यांना. हाही निरीक्षणाचाच अभ्यास, म्हणजे हिरड्यांच्या अभ्यासाला लावलेली कसोटी यालाही लावायची. मासे खाऊन मूल होतं असं मी म्हणत नाही. मासे सोडा म्हणायला आधार नाही, एवढंच.

पेडणेकर_वहिनी

आधी नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्या, बाकी सगळं मागाहून. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही ना काही कारण असतं, आणि तपासणी स्वस्त, सुई नाही, दुखणं नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा असतो. आमच्याकडे आधी माझ्याच सगळ्या तपासण्या झाल्या, नळ्यांच्या एक्स-रेपर्यंत, आणि ह्यांची सगळ्यात शेवटी. तो काळ आठवला की अजून जीव कासावीस होतो. तुमच्या बाबतीत असं होऊ देऊ नका. एकदा रिपोर्ट बरा आला नाही तर लगेच खचू नका, शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्या मध्ये ताप येऊन गेला असेल तरी फरक पडतो. पुन्हा करायला सांगतात.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) २०२३ साली मोफत आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भधारणा) आणि आययूआयची (वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याची) सोय सुरू झाली. आधी स्त्रीरोग ओपीडीत दाखवायचं. केसपेपरला सकाळी लवकर जा आणि जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, दोघांचेही. गोवा दंत महाविद्यालय तिथेच बांबोळीला आहे, हिरड्यांच्या कामासाठी खाजगीत खर्च झेपत नसेल तर तेही बघा.

अबोली_फोंडा

सगळ्यांचे खूप खूप आभार. पॅकेजला नाही कळवलं. दातांची पहिली बैठक झाली, रक्त कमी झालंय. रक्ताच्या तपासण्याही झाल्या: साखर आणि थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन ९.६. ह्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. सासूबाई विचारतात की मासे चालतात तर कुठले? आमच्याकडे इसवण आणि मोरीचं आंबट-तिख हेच लाडकं. आणि घरात आगरातलं (मिठागरातलं) जाडं मीठच वापरतो, ते बरं ना?

पोषण_साखळी

मी आहारशास्त्र शिकवते. सासूबाईंनी फार नेमके प्रश्न विचारलेत.

मोरी बंद, आणि हे मी ठामपणे सांगते. मोरी म्हणजे शार्क. मोठे शिकारी मासे आयुष्यभर लहान मासे खातात, त्यांच्या मांसात पारा साठत जातो, आणि तो गर्भाच्या मेंदूला घातक असतो. शरीरातून निघून जायला त्याला महिने लागतात, म्हणून गर्भ राहण्याआधीपासूनच थांबायचं. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाच्या यादीत शार्क आणि किंग मॅकरेल दोन्ही ‘टाळा’ या रकान्यात आहेत. आपली इसवण त्या किंग मॅकरेलच्याच कुळातली, तेव्हा तीही आता बाजूला ठेवा. तारले, बांगडे, पेडवे, मुडदुशा, सुंगटं खुशाल खा, आठवड्याला दोन-तीन वेळा मिळून २२५ ते ३४० ग्रॅम. आंबट-तिख बांगड्याचं करा. तारल्यांत ओमेगा-३ भरपूर, आणि काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियमही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत अंडी आणि आळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक आहेच.

मीठ मात्र बदला. आगरातल्या मिठाला चव आहे, आणि मिठागरं टिकावीत असं मलाही मनापासून वाटतं, पण त्यात आयोडीन घातलेलं नसतं. गरोदरपणात रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ, लोणच्याला आणि मासे खारवायला आगरातलं.

हिमोग्लोबिन ९.६ हा या धाग्यातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. स्त्रीला १२ तरी हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या, त्यामुळे डॉक्टरसुद्धा कधी कधी ‘असतंच’ म्हणून पुढे जातात. तुम्ही जाऊ देऊ नका. एवढी तूट तांबड्या भाजीने भरून निघणार नाही, लोहाच्या गोळ्या लागतील, आणि पाळीत रक्त जास्त जात असेल तर तेही सांगा. जेवणावर चहा घेण्याची सवय असेल तर मोडा, निदान तासाभराचं अंतर ठेवा. चहा अन्नातलं लोह अडवतो. लिंबू, पेरू, आवळा जेवणाबरोबर घेतले तर लोह जास्त शोषलं जातं. नाचणी चांगलीच, १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पण तिच्यावर लोहाची भिस्त ठेवू नका.

आणि फॉलिक अ‍ॅसिड तुम्ही घ्यायचं, नवऱ्याने नाही. या धाग्यात सर्वांत पक्का पुरावा असलेली गोष्ट हीच. १९९१ साली ७ देशांतल्या चाचणीने दाखवलं की आधी मज्जारज्जूचा दोष असलेलं बाळ झालेल्या स्त्रियांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं. बाळाची मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळून डॉक्टरांकडे जाईपर्यंत ते काम जवळजवळ उरकलेलं असतं. नेहमीच्या परिस्थितीत रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. आपल्याकडे दुकानात बहुतेक ५ मिलिग्रॅमची गोळी हातात ठेवतात, तेव्हा मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्याच वेळी बी-१२ तपासायचं का तेही विचारा.

दंतवैद्य_बार्देश

पोषणताईंच्या लिहिण्यात एक भर. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं असं घरोघरी सांगतात, ते खरं नाही. गरोदरपणात दात किडतात ते उलट्यांतल्या आम्लाने, सारखं काहीतरी तोंडात टाकल्याने आणि मळमळ होते म्हणून ब्रश टाळल्याने. उलटी झाली की चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा.

बाळाच्या दातांवर आईच्या पोषणाचा परिणाम मात्र दिसलेला आहे. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत २४व्या आठवड्यापासून गरोदर स्त्रियांच्या एका गटाला रोज २,४०० एकक जास्तीचं ड जीवनसत्त्व दिलं. त्यांची मुलं ६ वर्षांची झाल्यावर पक्क्या दातांच्या कवचात दोष १५ टक्के मुलांत होते, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांत. एकच चाचणी आहे, म्हणून स्वतःहून गोळ्या सुरू करू नका, पण पुढच्या रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व घालायला सांगा. लोहाचं पातळ औषध दिलं तर ते नळीने प्या आणि वर चूळ भरा, नाहीतर दात काळपट पडतात. उरलेल्या बैठका मात्र चुकवू नका, रक्त थांबलं म्हणजे हिरड्यांखालचा दगड (दातांवर साचून घट्ट झालेला थर) निघाला असं नसतं.