छताला ‘गटार’ कसं असेल?

वळचण:
परवा एका नव्या सोसायटीचं मराठी माहितीपत्रक हाती आलं. त्यात लिहिलंय, ‘पावसाळ्यापूर्वी छताचे गटार साफ करून घ्यावे.’ मूळ मजकुरात इंग्रजी ‘गटर’ असणार आणि भाषांतर करणाऱ्याने कानाला जवळचा वाटला तो शब्द उचलला. मला हे फार लागलं.

लॅटिनमध्ये ‘गुत्ता’ म्हणजे थेंब. त्यावरून फ्रेंच ‘गूत’, आणि छताचे थेंब झेलून नेणारी ती ‘गूतिएर’. तोच शब्द मध्ययुगात इंग्रजीत जाऊन ‘गटर’ झाला. त्याच्या पोटात घाण नाही, ठिबकणारं पाणी आहे. मेणबत्ती वाऱ्याला धरली की एका बाजूची कड वितळते, तिथे खाच पडते आणि मेण त्या खाचेतून ओघळत खाली येतं. इंग्रजीत या ओघळण्यालाही ‘गटर’च म्हणतात. छापखान्यात पुस्तकाची दोन पानं शिवणीशी मिळतात, त्या मधल्या कोऱ्या पट्टीचं नावही तेच.

आमच्या कोकणातल्या घरी पागोळ्यांनी अंगणात ओळीने खळगे पडायचे, जणू कुणी दोरी धरून खणलेत. त्याच्यावर उपाय म्हणून पोफळ उभी चिरून, आतला गाभा काढून वळचणीखाली बांधायचे. ती पन्हळ. हा शब्द असताना छताला गटार कशाला?

साइटवाला:
मी 25 वर्षं शेडची कामं घेतो. पन्हळ शब्द गोड आहे, पण दुकानात पन्हळ मागा, तो पन्हळी पत्रा काढून दाखवेल. दोन उतार मिळतात तिथे बसते ती ‘व्हॅली गटर’. वेल्डरपासून मालकापर्यंत सगळे हेच बोलतात. वापरात आहे तो शब्द मराठीच समजा.

वळचण:
पण तुम्हीसुद्धा ‘गटर’ म्हणता, ‘गटार’ नाही. वरचं ते गटर आणि रस्त्याकडेचं ते गटार, हा फरक तुमच्या माणसांनी आपसूक जपलाय. पत्रक लिहिणाऱ्याने तोच घालवला. आणि पन्हळी पत्र्याला ते नाव त्याच्यातल्या पन्हळींमुळेच मिळालंय. म्हणजे शब्द मेलेला नाही.

दर्यावर्दी:
‘गटार’ इंग्रजीतूनच आला असं आपण धरून चाललोय. पोर्तुगीजमध्ये ‘गोतेइरा’ आहे, छताच्या गळतीलाही आणि पन्हळीलाही. वसई-चौलला पोर्तुगीज इंग्रजांच्या आधीपासून होते. पाव, चावी, काजू त्यांच्याकडून आले, तर हा का नाही?

शब्दवेडी:
मला पटत नाही. पोर्तुगीज ‘त’ आपल्याकडे ‘त’च राहतो: मेस्त्री, तंबाखू. इंग्रजी ‘टी’चा मात्र ‘ट’ होतो. गटारात ‘ट’ आहे.

दर्यावर्दी:
मग ‘बाताता’चा बटाटा कसा झाला? एकाच शब्दात दोन ‘ट’!

शब्दवेडी:
बरोबर, बटाट्यापुढे माझा नियम टिकत नाही. तरीही गटारातला ‘ग’ बघा. ‘गो’चा ‘ग’ का व्हावा? ‘गटर’मध्ये तो आयताच आहे. माझा कौल इंग्रजीलाच. दोन्ही वाटा मागे त्याच ‘गुत्ता’पाशी जातात, एवढं मात्र खरं.

डॉक्टरीण:
मला धाग्याचा मुद्दाच मान्य नाही. पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद सुजतो त्या ‘गाउट’चं मूळही हाच थेंब. अपायकारक रस सांध्यात थेंबथेंब उतरतो अशी जुनी समजूत होती. आज कारण माहीत आहे, युरिक ॲसिडचे स्फटिक. म्हणून कुणी नाव बदललं का? शब्दाचा अर्थ मुळावरून ठरत नाही, बोलणाऱ्यावरून ठरतो. गटार मराठीत सांडपाण्याचं झालं, तर झालं.

वळचण:
ताई, मीही तेच म्हणतोय. मराठीत गटार सांडपाण्याचं आहे म्हणूनच ते छतावर नको. मूळ सांगितलं ते इंग्रजी शब्दात काय काय मावतं हे दिसावं म्हणून. भाषांतर करताना मेणबत्तीला ‘ओघळली’, छताला ‘पन्हळ’ आणि रस्त्याला ‘गटार’ असे तीन शब्द लागतात, ते तिन्ही आपल्याकडे आहेत.

साइटवाल्यांचं एक मानतो. दुकानाच्या बिलावर ‘गटर’ राहू दे. पण पत्रक वाचणारी माझी आई 78 वर्षांची आहे. ‘छताचे गटार’ वाचून तिने विचारलं, “वर संडासाचं पाणी सोडलंय का रे?”

साइटवाला:
आईंसाठी पन्हळच लिहा. पुढच्या कोटेशनमध्ये मी ‘पन्हळ (गटर)’ असं लिहून बघतो.