स्पेक्ट्रमची शेवटची वर्षं: कारागिरीचा कळस की उसनवारी?

रबरी कळा
झेडएक्स स्पेक्ट्रम या सिंक्लेअरच्या जुन्या घरगुती संगणकाचा विषय निघाला की गप्पा १९८३-८४ मध्येच अडकतात. मॅनिक मायनर, जेट सेट विली, नाइट लोर हे खेळ, संपलं. मग १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने सिंक्लेअरकडून हक्क घेतले आणि १९९२ पर्यंत गाडा कसाबसा ओढला, अशी सर्वसाधारण समजूत. मला हे पटत नाही. या यंत्राकडून खरं काम करून घेतलं गेलं ते १९८८ नंतरच.

हातात होतं काय? साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर. स्प्राइट म्हणजे पडद्यावरची पात्रं हलवायला वेगळी चिप नाही, पडदा सरकवायची सोय नाही, आणि आठ बाय आठ पिक्सेलच्या प्रत्येक चौकटीत फक्त दोन रंग. त्यात तिसरा रंग शिरला की चित्र विस्कटलंच. अशा यंत्रावर बॉब पेपने १९८८ मध्ये आर-टाइप हा आर्केड खेळ बसवला, तोही रंगीत. पुढच्या वर्षी ओशन कंपनीचा चेस एचक्यू हा गाडीच्या पाठलागाचा खेळ आला: चढउतारांचा रस्ता, बोगदा, आणि १२८ केबीच्या मॉडेलवर चक्क माणसाचा आवाज. १९९० चा रेनबो आयलंड्स बघा, हे स्पेक्ट्रमच आहे ना असं विचाराल.

खाणकामगार
कारागिरी मान्य. पण कुणाच्या खेळावर? आर-टाइप आयरेमचा. चेस एचक्यू टायटोचा, रेनबो आयलंड्सही टायटोचाच. जपानी आर्केडमधली, नाणं टाकून खेळायची यंत्रं समोर ठेवून त्यांची धाकटी आवृत्ती करायची, एवढाच उद्योग उरला होता. आर्केड नाही तर सिनेमा. ओशनने रोबोकॉप विकला तो पोस्टरवरच्या नावावर.

१९८४ मध्ये माइक सिंगल्टनने एकट्याने लॉर्ड्स ऑफ मिडनाइट लिहिला. चार हजार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणाहून आठ दिशांना दिसणारा देखावा, म्हणजे बत्तीस हजार दृश्यं, सगळी ४८ केबीत. चित्रं साठवलेली नाहीत, खेळता खेळता तयार होतात. हा खेळ दुसऱ्या कुठल्या यंत्रावरून उतरवलेला नव्हता. याला मी कळस म्हणतो.

रबरी कळा
लॉर्ड्स ऑफ मिडनाइटबद्दल वादच नाही. पण जुन्यांना झुकतं माप देताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. नाइट लोर अख्खा एका वेळी एकाच रंगात आहे! रंगांची भानगड नको म्हणून तो करणाऱ्या अल्टिमेट कंपनीने रंगच टाळले. रेनबो आयलंड्सवाल्या ग्राफ्टगोल्डने त्या भानगडीशी दोन हात केले. आणि नक्कल करणं सोपं असतं हे कुणी सांगितलं? मूळ यंत्रात १६ बिटी प्रोसेसर आणि चित्रांसाठी खास चिप्स. तिथला वेग इथे आणायचा म्हणजे काय टाकायचं आणि काय राखायचं याचा निर्णय घ्यावा लागतो. चेस एचक्यूमध्ये रंग टाकले, वेग राखला. खेळाचा प्राण कशात आहे हे समजल्याशिवाय ते जमत नाही.

लोड कोट कोट
तुम्हा दोघांच्या वादात ४८ केबीच्या साध्या मॉडेलवाल्यांना कुणी विचारतंय का? आपल्याकडे १९८६ पासून डेसिबेल्सचा परवानाप्राप्त डीबी स्पेक्ट्रम प्लस मिळायचा. आमच्या घरी तोच होता, आणि कॅसेटचा टेपरेकॉर्डर वडिलांचा. टेपवरून ४८ केबीचा खेळ भरायला पाचेक मिनिटं, तेवढी वाट बघायची सवय होती. पण शेवटच्या वर्षांतले मोठे खेळ एका दमात मेमरीत मावेनात. मग पहिला टप्पा संपला की टेप चालू करा, दुसरा भरा. तिसऱ्यात मेलात की टेप उलटी फिरवून पहिला टप्पा शोधा. काउंटरचा आकडा वहीत लिहून ठेवावा लागे.

१९९३ च्या स्ट्रीट फायटर टूने तर कहर केला. प्रतिस्पर्धी बदलला की पुन्हा टेप. मारामारीपेक्षा वाट बघण्यात जास्त वेळ. चित्रं मोठी आणि देखणी आहेत, हलतात मात्र पाण्यात असल्यासारखी. रबरी कळा, यंत्राच्या कुवतीपलीकडचा खेळ त्यात कोंबला की काय होतं याचा हा नमुना घ्या.

रबरी कळा
स्ट्रीट फायटरची बाजू मी घेणार नाही. पण तो अपवाद आहे.

खाणकामगार
अपवाद? तो तर्कशुद्ध शेवट आहे.

दोन पौंडवाला
मंडळी, तुम्ही फक्त पेटीत मिळणाऱ्या महागड्या खेळांबद्दल बोलताय. ब्रिटनमधली पोरं १९९० मध्ये प्रत्यक्षात काय घेत होती? कोडमास्टर्सच्या दोन-तीन पौंडांच्या कॅसेटी. ऑलिव्हर जुळ्यांचा डिझी हा अंड्याच्या रूपातला नायक त्या काळात जोरात होता. १९९१ च्या स्पेलबाउंड डिझीत शंभराहून जास्त पडदे आहेत, आणि तो कुठल्या आर्केडची नक्कल नाही.

दुसरीकडे मासिकांनी कॅसेटी फुकट वाटायला सुरुवात केली. युअर सिंक्लेअर, क्रॅश, सिंक्लेअर यूजर, सगळ्यांच्या मुखपृष्ठावर टेप चिकटवलेली, त्यात पूर्ण खेळ. मासिकाच्या किमतीत चार-पाच खेळ मिळाल्यावर नवा खेळ कोण घेणार? माझ्या मते बाजार आतून पोखरला तो इथे. क्रॅश १९९२ मध्ये गेलं, युअर सिंक्लेअर सप्टेंबर १९९३ मध्ये.

खाणकामगार
डिझी गोड आहे, पण १९८७ पासून तेच: वस्तू उचल, योग्य जागी ठेव. पडदे वाढले म्हणून कल्पना वाढत नाही.

पेंटागॉन
शेवटची वर्षं म्हणताना तुम्ही सगळे ब्रिटनचं कॅलेंडर वापरताय. मी नव्वदच्या दशकात रशियात शिकत होतो. तिथे स्पेक्ट्रम म्हणजे सिंक्लेअरचं यंत्र नव्हेच. मॉस्कोचा पेंटागॉन, पीटर्सबर्गचा स्कॉर्पियन, हे स्थानिक अवतार. १२८ केबी किंवा जास्त मेमरी, आणि मुख्य म्हणजे फ्लॉपी. टेपचा जाच संपलेला. सेंट पीटर्सबर्गहून झेडएक्स-फॉरमॅट नावाचं मासिक निघायचं, तेही फ्लॉपीवर. लंडनमध्ये दुकानं आवरल्यावर, १९९६ मध्ये, निकोदिम नावाच्या प्रोग्रामरने प्रिन्स ऑफ पर्शिया स्पेक्ट्रमवर आणला, आणि तो राजपुत्र खरोखर मूळच्यासारखा पळतो.

खाणकामगार
म्हणजे पुन्हा दुसऱ्याचाच खेळ! :-)
माझा प्रश्न साधा आहे. १९८८ नंतर स्पेक्ट्रमवरच जन्मलेला आणि पुढे इतरांनी ज्यापासून काही घेतलं असा एक तरी खेळ सांगा.

रबरी कळा
लेझर स्क्वॉड. ज्युलियन गोलॉप, १९८८, आधी स्पेक्ट्रमवर आणि मग इतरत्र. सैनिकांची तुकडी, प्रत्येकाला मोजके कृतिगुण (एका पाळीत जेवढं करता येईल त्याचा साठा), आणि तुमच्या सैनिकाच्या नजरेत येत नाही तोवर शत्रू दिसतच नाही. भिंतीआड कोण आहे याची धास्ती. जादा मोहिमा पोस्टाने मागवता यायच्या. हाच साचा घेऊन गोलॉप बंधूंनी १९९४ मध्ये पीसीवर यूएफओ: एनिमी अननोन केला, आणि त्याचे वंशज आजही निघताहेत. मधल्या काळात १९९० चा लॉर्ड्स ऑफ केऑस आहेच.

खाणकामगार
गोलॉपला कोण नाही म्हणेल? पण तो १९८४-८५ पासून हेच करत होता. केऑस १९८५ चा, रेबेलस्टार १९८६ चा. तुमचा साक्षीदार माझ्याच गावचा निघाला.

लोड कोट कोट
आणि लेझर स्क्वॉड ४८ केबीवर चालतो, हे कुणी तरी नोंदवा.