शाळेत वाचलेली जुनी कादंबरी : तुमचा अनुभव लिहा

नाशिकरोडला नववीला मराठी शिकवते. परवा स्टाफरूममध्ये वाद झाला. मुलं दिवसभर रील बघतात, त्यांना कशाला हव्यात जुन्या कादंबऱ्या? कुमारभारतीत उतारे असतात तेवढे बास! मला हे पटत नाही, पण नुसतं 'पटत नाही' म्हणून भागत नाही. शाळेत एखादी जुनी कादंबरी अख्खी वाचली असेल किंवा वर्गाला वाचून दाखवली असेल, तर काय झालं ते लिहा. वाईट अनुभवही चालतील.

मीच सुरुवात करते. यंदा 'श्यामची आई' हातात घेतल्यावर वर्गाने तोंडं पाडली, आता संस्कार होणार म्हणून. मग सांगितलं, साने गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात लिहिलंय, फेब्रुवारी १९३३ मध्ये, ९ ते १३ अशा पाच दिवसांत. निम्मा वर्ग त्याच तुरुंगाजवळच्या जेल रोडचा. पुस्तकातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय, एकाने बोटं मोजली. "बेचाळीस रात्री, म्हणजे दिवसाला आठ-नऊ? मॅडम, आम्हाला एक निबंध होत नाही!" त्या दिवशी पुस्तक मागायला मागच्या बाकावरचेच आले.

पंचवटीहून
आमच्या बाई ऑफ तासाला हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' वाचायच्या. भाषा जड, पहिले दोन आठवडे आम्ही वहीमागे फुल्ली-गोळा खेळलो. विधवा झालेल्या नायिकेच्या, यमूच्या केशवपनापाशी आल्यावर मात्र वर्ग चिडीचूप. आमच्या घरात एक जुना फोटो आहे, डोक्यावरून घट्ट पदर घेतलेली एक बाई. ती कोण, हे मी तोवर कधी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी आजी शेंगा सोलत होती, तिला विचारलं. तिची आत्या. अकराव्या वर्षी विधवा. फोटो काळा-पांढरा, लुगडं लाल होतं हे आजीने सांगितलं. उताऱ्यावरून मी हे विचारलं नसतं. यमूबरोबर तीन महिने काढले होते, म्हणून विचारलं.

सिडकोहून
माझा अनुभव वाईट. सरांनी कादंबरी वाचलीच नाही, फळ्यावर 'नायकाचे स्वभावचित्र, ५ गुण' लिहून उत्तर उतरवून दिलं. ते पाठ आहे अजून. कादंबरी आजतागायत वाचलेली नाही.

पेठ तालुक्यातून, मूळ नाशिक
मी 'बनगरवाडी' वाचून दाखवली. माडगूळकरांची, १९५५ ची. एक पोरगेला मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो, एवढंच कथानक. आमच्या मुलांनी ना माणदेश पाहिलेला, ना मेंढरं राखलेली. शेवटी दुष्काळ पडतो, माणसं जनावरं घेऊन निघून जातात, गाव ओस. मी पुस्तक मिटलं. एक मुलगी म्हणाली, "सर, दिवाळीनंतर आमचंबी असंच." घरचे द्राक्षाच्या कामाला निफाडकडे जातात, ती आजीपाशी राहते. हजेरीपटावर मी दरवर्षी त्या महिन्यांत नुसते 'गै' मांडत होतो. यापुढे काय करायचं, ते अजून ठरत नाहीये.

सातपूरहून
बाकी सगळं ठीक, पण 'जुनी' म्हटलं की यादी त्याच चार वाड्यांतून का फिरते? अण्णा भाऊंची 'फकिरा' १९५९ ची आहे आणि बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे. मी ती शाळेत नाही, वडिलांच्या ट्रंकेतून काढून वाचली. उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा चोर की नाही, यावर वडील आणि मी रात्री एकपर्यंत भांडलो. दहावीच्या वर्गात हे भांडण लावून द्या, पोरं आपोआप वाचतील.

कॉलेज रोडहून
पंचेचाळीस मुलं आणि प्रती किती? हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्ही चौघींनी सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, एक प्रत आणून आठवडे वाटून घेतले होते. शेवटच्या मैत्रिणीने दंड भरला.

पुन्हा मीच
सातपूरकर, पटलं. शाळेच्या कपाटात 'फकिरा'ची एकच प्रत निघाली, पुठ्ठा सुटलेली. डिंक लावून वर दोन शब्दकोश ठेवलेत, सोमवारी पहिल्या तासाला घेते. चोर की नाही, ते मुलं ठरवतील.