शब्दचर्चा : पूरक, कोटी, संगत, व्युत्क्रम

सिडकोकर

मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यम. सध्या 'समांतर रेषा व छेदिका' हा धडा चालू आहे. शिकवणी लावलेली नाही. अडलं की मोबाइलवर व्हिडिओ बघते आणि ते बहुतेक हिंदीत असतात. त्यावरून घरात जुंपली. व्हिडिओतले सर ठणकावून सांगतात की पूरक म्हणजे ज्यांची बेरीज ९० अंश. माझे वडील जुन्या अकरावीचे मॅट्रिक, ते म्हणतात पूरक म्हणजे १८०, बाकी सगळं बंद कर. पुस्तक वडिलांच्या बाजूने आहे. मग व्हिडिओवाला इतका ठाम कसा?

आणि विषय निघालाच आहे तर : व्युत्क्रम या शब्दातून नक्की काय कळायला हवं? संगत कोन म्हणजे कोणाला कोणाची संगत? प्रत्येक वेळी 'पाठ कर' असं सांगायचा मलाच कंटाळा आला आहे.

पंचवटीचा

दोघंही बरोबर. हिंदीत पूरक ९० आणि संपूरक १८०. मराठीत कोटिकोन ९० आणि पूरक १८०. पेपर मराठीत लिहायचा असेल तर आजोबांचं ऐकायचं.

गुण्या

पंचवटीकरांनी निकाल दिलाच आहे, मी थोडं पाल्हाळ लावतो. आयुष्य फळ्यापुढे गेलं, सवय जात नाही.

हिंदी आणि मराठी भूमितीत बरेच शब्द वेगळे आहेत. आपला काटकोन तो त्यांचा समकोण, लघुकोन तो न्यूनकोण, विशालकोन तो अधिक कोण. आपल्या विरुद्ध कोनांना ते शीर्षाभिमुख म्हणतात, व्युत्क्रम कोनांना एकांतर, छेदिकेला तिर्यक रेखा. हे शब्द सरळ वेगळे दिसतात, म्हणून मुलं गोंधळत नाहीत. गोंधळ होतो तो पूरकने, कारण शब्द तोच आणि बेरीज दुसरी. शिवाय हिंदीतला 'कोण' आपल्या वहीत उतरला की त्याचा प्रश्न होतो. 'संगत कोण' असं लिहिलेलं बघून मी समासात 'मला काय विचारतोस?' असं लिहीत असे.

आता कोटिकोन. मुलांना वाटतं एकावर सात शून्यं. तसं नाही. कोटि म्हणजे धनुष्याचं टोक. आपल्या जुन्या ज्योतिषगणिताची भाषाच धनुष्याची आहे : चाप, ज्या म्हणजे दोरी, आणि कोटिज्या. कोन ९० मधून वजा करा, जो उरेल त्याची ज्या ती मूळ कोनाची कोटिज्या. म्हणजे ३० अंशांची कोटिज्या हीच ६० अंशांची ज्या. नववीत साइन-कोसाइन (म्हणजे ज्या-कोटिज्याच) येतं त्यातला 'को' हेच काम करतो. ९० च्या हिशेबातल्या जोडीदाराला कोटी म्हणायची रीत अशी जुनी आहे. मराठीने ती धरून ठेवली आणि पूरक हा शब्द १८० साठी मोकळा राहिला, असं मला वाटतं. हिंदीने दोन्हीकडे 'पूरक'च घेतला आणि एकाला 'सं' लावून वेगळं केलं. मला आपली व्यवस्था सरस वाटते. पूरक आणि संपूरक यांत ऐन परीक्षेत कोण गडबडणार नाही?

व्युत्क्रम : वि आणि उत् हे उपसर्ग, पुढे क्रम. वि + उत् चं व्युत् होतं, म्हणून व्यु ऱ्हस्व. 'व्यूत्क्रम' लिहू नये. अर्थ उलटा क्रम. याचा भाऊ आहे उत्क्रमज्या. ज्या-कोष्टकातले फरक शेवटाकडून उलटे मिळवत आलं की ती मिळते.

कोनांमध्ये उलटतं काय, ते आकृतीत बघा. दोन आडव्या रेषा काढा, एक तिरपी छेदिका त्यांना छेदून जाऊ दे. प्रत्येक कोनाचा पत्ता दोन गोष्टींनी सांगता येतो : तो छेदिकेच्या डावीकडे की उजवीकडे, आणि आपल्या रेषेच्या वर की खाली. वरच्या छेदनबिंदूतला एक कोन घ्या, खालच्यातला एक घ्या. दोघांचा पत्ता अगदी तोच असेल, म्हणजे दोन्ही उजवीकडे आणि दोन्ही वर, तर ते संगत. सं-गत, सोबत गेलेले. तबल्याची संगत म्हणतो त्यातलीच ही संगत. पत्त्यातल्या दोन्ही गोष्टी उलटल्या, एक उजवा-खालचा आणि दुसरा डावा-वरचा, तर ते व्युत्क्रम. दोन रेषांच्या मधे पडले तर आंतरव्युत्क्रम, बाहेर पडले तर बाह्यव्युत्क्रम. आणि बाजू तीच राहून फक्त वर-खाली उलटलं, शिवाय दोघं रेषांच्या मधेच असले, तर ती आंतरकोनांची जोडी.

बागाईतदार

गुण्या सर, निफाडकडे या एकदा. आमच्याकडे दुकानात जाऊन 'अँगल द्या' म्हटलं की दुकानदार विचारतो, किती फुटी आणि किती किलोचा? द्राक्षबागेच्या वाय पद्धतीला लागतो तो लोखंडी अँगल. माझा मुलगा सेमी इंग्लिशला आहे, तो परवा 'अल्टरनेट अँगल' पाठ करत होता. आजी म्हणाली, एकाआड एक लावले तर तारा लोंबतील की रे.

दुरेघी

सेमीच्या मुलांसाठी मुद्दाम : करस्पॉन्डिंग ते संगत, अल्टरनेट ते व्युत्क्रम, ट्रान्सव्हर्सल ती छेदिका. छेदिका स्त्रीलिंगी आहे कारण ती रेषा आहे. अपूर्णांकातला छेद वेगळा, मूळ धातू तोच, छिद्.

एक शंका. विरुद्ध कोन समान असतात, मग 'विरुद्ध' कशाला? ऐकणाऱ्याला भांडण वाटतं.

गुण्या

तिथे विरुद्ध हे किरणांचं विशेषण आहे. एकाच बिंदूतून निघून एकच रेषा करणारे दोन किरण हे विरुद्ध किरण. एका कोनाच्या दोन्ही भुजांचे विरुद्ध किरण घेतले की जो कोन होतो तो विरुद्ध कोन. चौकोनात समोरासमोर बसलेल्या कोनांना आपण विरुद्ध म्हणत नाही, संमुख म्हणतो. हा भेद मराठीत स्वच्छ आहे, तो पाळावा.

पंचवटीचा

सर, इतकं खोलात गेलं तर पोरं पळतील. मी भाच्याला सरळ सांगतो : संगत म्हणजे सारखे, व्युत्क्रम म्हणजे सारखे, आंतरकोन म्हणजे १८०. तीन ओळी, विषय संपला.

गुण्या

विषय संपत नाही, तिथेच बिघडतो. सौम्यपणे सांगायचा प्रयत्न करतो.

या धड्यातले शब्द दोन जातींचे आहेत. पूरक, कोटी, काट, लघु, विशाल हे मापाचे शब्द. पूरक म्हटलं की बेरीज १८० ठरलीच, मग ते कोन एक नाशकात आणि एक नागपुरात असले तरी चालतं. संगत, व्युत्क्रम, आंतर, संलग्न, विरुद्ध हे जागेचे शब्द. ते कोन कुठे आहे एवढंच सांगतात, केवढा आहे ते सांगत नाहीत. विरुद्ध कोनांना जागेमुळे समानता आपोआप मिळते. संगत आणि व्युत्क्रम कोनांना ती मिळते रेषा समांतर असल्या तरच.

छेदिकेची व्याख्या नीट वाचा : दिलेल्या दोन रेषांना दोन भिन्न बिंदूंत छेदणारी रेषा. यात समांतर हा शब्दच नाही. समांतर नसलेल्या रेषांनाही छेदिका असते आणि तिथेही संगत कोनांच्या चार जोड्या होतात.

आकडे घेऊन बघा. वरच्या रेषेशी उजवीकडचा वरचा कोन ११० अंश. खालच्या रेषेशी उजवीकडचा वरचा १०५ अंश. हे संगत आहेत का? आहेत. समान आहेत का? नाहीत. वरच्या ११० च्या खाली, रेषीय जोडीतला (दोघं शेजारी बसून सरळ रेषा करतात, बेरीज १८०) त्याचा जोडीदार ७०. म्हणजे उजवीकडचे आंतरकोन ७० आणि १०५, बेरीज १७५. पाच अंश कमी पडले. त्याचा अर्थ या दोन रेषा उजवीकडे कुठेतरी भेटणार आणि भेटतील तिथे ५ अंशांचा कोन करणार, कारण त्रिकोण पुरा व्हायचा तर ७०, १०५ आणि ५. ज्या बाजूला आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी, त्या बाजूला रेषा भेटतात, हेच युक्लिडचं पाचवं गृहीतक. समांतर रेषांचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

'संगत म्हणजे सारखे' असं पाठ केलेला मुलगा या आकृतीपुढे बसला की दोन चुका करतो. एकतर तो १०५ ला ११० करून टाकतो. नाहीतर म्हणतो, समान नाहीत, म्हणजे हे संगतच नव्हेत. पुढे 'रेषा समांतर आहेत हे सिद्ध करा' असा प्रश्न येतो तेव्हा तर त्याच्या हातात काहीच नसतं. तिथे संगत कोन समान दाखवून समांतरपणा मिळवायचा असतो, म्हणजे व्यत्यास, प्रमेयाची उलटी बाजू, वापरायचा असतो. आणि संगत या शब्दातच समान भरून ठेवला असेल तर दाखवायचं काय उरलं?

म्हणून वाक्य पूर्ण बोलावं : दोन समांतर रेषांना छेदिकेने छेदल्यावर होणारे संगत कोन समान असतात. लांब आहे, पण त्यातला एक शब्दही काढता येत नाही.

दुरेघी

हे माझ्या कामाचं निघालं. मी मुलांना सुलेखन शिकवते. तिरपं अक्षर काढणाऱ्या मुलाची वही घ्या : शिरोरेषा ही छेदिका आणि तिला लटकलेले काने या रेषा. सगळे काने एका कलात असतील तर प्रत्येक काना शिरोरेषेशी उजवीकडे जो कोन करतो तो सारखाच, हे संगत कोन. एखादा काना जास्त पडला की डोळ्याला लगेच खुपतो. पण तो पडलेला कानाही शिरोरेषेशी उजवीकडे कोन करतोच, जागा तीच. म्हणजे अक्षर बिघडलं तरी कोन संगतच राहतात, समान राहत नाहीत. बरोबर ना सर?

गुण्या

शंभर टक्के. आणि रेषेची बाजू मोजताना इथे छेदिका आडवी आहे हे सांगायला विसरू नका. मुलांच्या डोक्यात छेदिका कायम तिरपी आणि उभी असते, कारण प्रत्येक पुस्तकात ती तशीच काढलेली असते.

शून्य सावली

उशिरा आलो. व्युत्क्रम कोन अंगणात बघायचे असतील तर नाशिकला सोय आहे. शहर जवळपास नेमक्या २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास १ मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. भर माध्यान्ही तिची सावली साधारण ३६ सेंटिमीटर पडते. घड्याळातले बारा बघून चालणार नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि नाशिक ७४ च्याही अलीकडे, त्यामुळे इथे सूर्य डोक्याशी यायला मार्चमध्ये पावणेएक होत येतो, सप्टेंबरात साडेबारा.

काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत दोरा ताणा आणि काठी व दोरा यांच्यातला कोन मोजा : २० अंश. अक्षांशाइतकाच का? सूर्यकिरण समांतर येतात. काठी मनानेच खाली वाढवत न्या, ती पृथ्वीच्या केंद्रात पोचते, ही छेदिका. केंद्राकडे येणारा किरण आणि काठीच्या टोकावरून जाणारा किरण या दोन समांतर रेषा. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो, म्हणून केंद्रातला कोन म्हणजे अक्षांश. काठीच्या टोकाशी सावलीकडे मोजलेला कोन त्याचा व्युत्क्रम. तोच कोन टोकाच्या वर, आकाशाकडे मोजला तर केंद्रातल्या कोनाचा संगत. आणि टोकाचे हे दोन कोन एकमेकांचे विरुद्ध. तिन्ही शब्द एका काठीत. इरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात असाच कोन धरला होता, वर्तुळाचा पन्नासावा भाग म्हणजे ७.२ अंश, आणि त्यावरून पृथ्वीचा घेर काढला.

मे महिन्यात २० तारखेच्या आसपास मात्र काठीला सावलीच पडत नाही, तेव्हा मोजायला जाऊ नका.

बागाईतदार

व्युत्क्रम जड आहे हे मान्य करा हो. हिंदीतला एकांतर घेतला तर काय बिघडतं? दिवसाआड पाणी, एकाआड एक रोप, लगेच कळतं.

गुण्या

एकांतर मराठी गणितात आधीच कामाला लावलेला आहे. नववीत गुणोत्तर-प्रमाणात एकांतर क्रिया येते, तिच्या शेजारीच व्यस्त क्रिया. शिवाय एकाआड एक मोजायला एका ओळीत बरेच हवेत, इथे कोन दोनच आहेत आणि ते उलटसुलट बसलेत. जड असेल, पण उलटेपणा व्युत्क्रमातच आहे.

सिडकोकर

सगळ्यांचे आभार. मुलीने हे वाचून पत्त्याची युक्ती उचलली आणि वरचे चार व खालचे चार कोन घेऊन सगळ्या जोड्या मांडल्या. होतात सोळा. संगतच्या चार, व्युत्क्रमच्या चार, आंतरकोनांच्या दोन. तिचा प्रश्न : उरलेल्या सहांची नावं काय?

गुण्या

शाबास. सहातल्या दोन जोड्या आंतरकोनांसारख्याच, फक्त रेषांच्या बाहेर पडलेल्या. चार अशा की डावं-उजवं उलटतं पण वर-खाली तेच राहतं. शाळेच्या पुस्तकात सहांपैकी एकीलाही नाव नाही आणि गरजही पडत नाही. रेषा समांतर असतील तर या सहाही जोड्या पूरक असतात. सिद्धतेला दोन पायऱ्या पुरतात : त्यातल्या एका कोनाचा संगत कोन घे, तो दुसऱ्या कोनाशी रेषीय जोडी करतो. बाहेरची जोडी आणि डावी-उजवी जोडी, दोन्हींसाठी वेगवेगळी आकृती काढायला सांगा तिला.