पायथनचे ऑपरेटर: सेव-पॅकिंगच्या हिशेबात तीन ठिकाणी उत्तर चुकतंय

सुदामानगर_इंदूर:
नमस्कार मंडळी. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला नुकतीच सुरुवात केलीय. सरावासाठी लौंग सेव (लवंग घातलेली शेव) पॅक करण्याचा हिशेब लिहिला आणि तीन ठिकाणी अडलो.
१) वजन = इनपुट("ग्रॅम? ") असं घेऊन २३०० टाकलं. दोन डब्यांसाठी वजन * २ केलं, तर ४६०० ऐवजी २३००२३०० आलं.
२) २३०० / २५० चं उत्तर ९.२ येतं. मला पूर्ण पाकिटं किती आणि सुटी सेव किती, ते हवंय.
३) सूट फक्त ५ किंवा १० किलोला द्यायची आहे. इफ किलो == ५ ऑर १० असं लिहिलं, तर ३ किलोलाही सूट बसते. एररही येत नाही, म्हणून जास्त गोंधळ होतोय.

लष्कर_ग्वाल्हेर:
पहिल्या दोन्हींचं सांगतो. इथे सगळं देवनागरीत लिहितोय, पण कोडात अंक आणि इफ, ऑर, इंट हे शब्द इंग्रजी अक्षरांतच टाका. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत चालतात. वजन, किलो तसंच ठेवा.

इनपुट नेहमी स्ट्रिंग (म्हणजे नुसता मजकूर) देतो, आकडा नाही. स्ट्रिंगपुढे * आलं की गुणाकार होत नाही, तोच मजकूर तितक्या वेळा जोडला जातो. म्हणून वजन = इंट(इनपुट("ग्रॅम? ")). हे न करता वजन + ५०० केलं असतं तर सरळ टाइपएरर आला असता, कारण + ला स्ट्रिंग आणि आकडा एकत्र चालत नाहीत. * ला चालतात, म्हणून चूक लपून राहिली. ऑपरेटर (*, + अशी चिन्हं) लिहिण्याआधी दोन्ही बाजूंना कुठल्या प्रकारची किंमत आहे ते बघाच. टाइप(वजन) प्रिंट केलं की कळतं.

पाकिटांसाठी २३०० // २५० म्हणजे ९, आणि उरलेली सेव २३०० % २५० म्हणजे ५० ग्रॅम. इथे % चा टक्केवारीशी काही संबंध नाही, ती बाकी आहे. पडताळा: ९ * २५० + ५० = २३००. वजा आकड्यांत जपा: -७ // २ हे -४ येतं, -३ नव्हे, कारण // नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातं. सी या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत -७ / २ हे -३ येतं, म्हणून सीचं पुस्तक शेजारी ठेवून पायथन तपासू नका.

दांडियाबाजार_वडोदरा:
तिसरं. आपण "पाच किंवा दहा" असं एका दमात वाचतो, पायथन तसं वाचत नाही. == आधी सुटतं, ऑर नंतर. म्हणजे त्याच्या लेखी ते (किलो == ५) ऑर (१०) आहे. किलो ३ असेल तर डावी बाजू खोटी, मग ऑर उजवी बाजू देतो, म्हणजे १०. शून्य सोडून कुठलाही आकडा खरा धरला जातो, म्हणून सूट प्रत्येकाला. एकतर किलो == ५ ऑर किलो == १० असं पूर्ण लिहा, नाहीतर किलो इन (५, १०).

क्रम असा: आधी ** (घात), मग आकड्याआधीचं वजा, मग * / // %, मग + आणि -, मग तुलना, मग नॉट, अँड, ऑर. म्हणूनच -३ ** २ चं उत्तर -९. घातासाठी ^ वापरू नका, २ ^ ३ चं उत्तर १ येतं. ते बिटांचं ऑपरेटर आहे.

बिलात नेमकी हीच खोड निघते. पाकीट ६० रुपये, वर पिशवीचे २, नग ९: ६० + २ * ९ केलं तर ७८ येतील. हवेत ५५८, म्हणून (६० + २) * ९. पाठ असलं तरी कंस घाला, वाचणाऱ्याला बरं पडतं.

सुदामानगर_इंदूर:
तिन्ही सुटलं, मनापासून आभार! आता एकच: ०.१ + ०.२ == ०.३ ला फॉल्स (खोटं) का येतं?

लष्कर_ग्वाल्हेर:
बेरीज ०.३०००००००००००००००४ निघते. ०.१ हा बायनरीत (संगणकाच्या ० आणि १ च्या पद्धतीत) नेमका बसत नाही, जसा दशांशात १/३ बसत नाही. दशांश किमतींवर == लावू नका. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा: ६० रुपये ५० पैसे म्हणजे ६०५०. दाखवताना रक्कम // १०० रुपये आणि रक्कम % १०० पैसे.