लक्ष्मी रस्त्यावरील वाहनबंदीचा प्रयोग वाढवायचा झाल्यास रहिवाशांनी कोणत्या अटी मांडाव्यात?

प्रश्न : नारायणपेठकर

नमस्कार. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांसाठी बंद ठेवला जातो. हा प्रयोग एका दिवसावर न थांबता शनिवार-रविवारी किंवा सलग काही आठवडे करून पाहावा, असे माझ्यासह अनेकांना वाटते. मी या रस्त्याला मिळणाऱ्या एका बोळात राहतो. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध निर्धास्त चालणारी वयस्कर माणसे आणि आईचा हात सोडून पुढे धावणारी मुले पाहिल्यावर या कल्पनेला विरोध करावा असे मला मुळीच वाटत नाही.

मात्र त्याच दिवशी आमच्या बोळात दुचाकींची एकच दाटी होते. मुख्य रस्त्यावर उभी राहणारी वाहने आमच्या दारापुढे लागतात आणि पलीकडे जाण्यासाठी वाट शोधणारे चालक बोळाच्या टोकाला येऊन अडकतात. एका दिवसाची गोष्ट म्हणून ते सहन होते. महिनाभर तसेच चालले तर ज्यांचा आज पाठिंबा आहे तेही उलटतील, अशी मला भीती वाटते. उद्या अशा प्रयोगासाठी हरकती व सूचना मागवल्या गेल्या, तर केवळ ‘पाठिंबा आहे’ किंवा ‘विरोध आहे’ एवढेच न लिहिता रहिवाशांनी नेमके काय मागावे?

उत्तर १ : कापडदुकानदार

आमचे दुकान याच पट्ट्यात आहे, त्यामुळे व्यापाऱ्यांची बाजू मांडतो. आमच्यापैकी सर्वांचाच विरोध आहे असे नाही. परंतु लग्नाचा बस्ता बांधायला येणारे कुटुंब आणि तुळशीबागेत सहज फेरफटका मारायला येणारे गिऱ्हाईक यांत फरक आहे, तो लक्षात घेतला जात नाही. बस्त्यासाठी गावाकडून आठ-दहा माणसे येतात, त्यांत आजी-आजोबा असतात, आणि परतताना हातात जड पिशव्या असतात. गाडी कुठे लावायची हे ठाऊक नसले, तर ते कुटुंब उपनगरातल्या मोठ्या दालनाकडे वळते आणि पुन्हा इकडे येत नाही.

दुसरी गोष्ट प्रयोगाच्या काळाची. पौषात लग्ने फारशी होत नाहीत. त्या काळात रस्ता बंद ठेवला आणि विक्री घटली, तर दोष वाहनबंदीला देणे चुकीचे ठरेल. तसेच दिवाळीच्या आधी रस्ता बंद करून विक्री वाढल्याचे दाखवणेही खरे नव्हे. तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या त्याच तिथींच्या आसपासच्या विक्रीशी करावी. मालाच्या टेम्पोंसाठी सकाळी दुकाने उघडण्यापूर्वीची वेळ निश्चित करून दिली, तर आमची अर्धी तक्रार मिटेल. हमालांनी गठ्ठे किती अंतर वाहायचे, याचाही विचार कोणीतरी करायला हवा.

उत्तर २ : वाहतूक नियोजनाचा अभ्यासक

मूळ प्रश्नातील बोळांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावरच थोडे विस्ताराने लिहितो.

लक्ष्मी रस्ता एकेरी आहे आणि त्यावरील प्रवाह अलका टॉकीजच्या चौकाकडे जातो. या प्रवाहात दोन निरनिराळ्या प्रकारची वाहने मिसळलेली असतात. काही चालकांना खरेदीसाठी येथेच थांबायचे असते, तर काहींना डेक्कनकडे किंवा कर्वे रस्त्याकडे केवळ पार जायचे असते. पार जाणाऱ्यांना आधीच्या चौकात स्पष्ट फलक लावून दुसरा मार्ग दाखवला तर ते वळतात. थांबणाऱ्यांना मात्र गाडी लावण्यासाठी जागाच हवी असते आणि ती मिळाली नाही की ते बोळांत शिरतात. म्हणजे आपल्या बोळातील दाटीवर उपाय फलकांनी होणार नाही, वाहनतळाने होईल. दोघांचे प्रमाण किती, हे ठरवणेही अवघड नाही. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना वाहनांचे क्रमांक टिपायचे. जे वाहन एका टोकाने आत येऊन काही मिनिटांत दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, ते पार जाणारे समजायचे.

प्रयोगांच्या अहवालांत बहुतेक वेळा मुख्य रस्त्यावर किती लोक चालले आणि त्यांना कसे वाटले, एवढेच येते. बंद केलेल्या रस्त्यावर चालणे सुखाचे होणार हे प्रयोगाविनाही कळते. प्रयोगातून जे समजून घ्यायचे ते शेजारून समांतर जाणाऱ्या कुमठेकर रस्त्यावर, केळकर रस्त्यावर आणि मधल्या बोळांच्या तोंडाशी घडत असते. म्हणून मोजणी तेथे व्हावी, ती प्रयोगापूर्वीही व्हावी, आणि दुचाकी, रिक्षा व मोटारी वेगवेगळ्या मोजल्या जाव्यात, ही रहिवाशांची पहिली मागणी असावी.

‘विसर्जन मिरवणुकीला रस्ता बंद असतोच, तेव्हा शहर थांबते का?’ असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. मला तो पटत नाही. अनंत चतुर्दशीला सगळ्या शहराची दिनचर्याच बदललेली असते, कामावर जाणारे फारसे कोणी नसते आणि पेठांतील रहिवासी आधीच तयारी करून ठेवतात. नित्याच्या मंगळवारी काय होईल, याचे उत्तर त्या दिवसातून मिळत नाही. ११ डिसेंबरचेही काहीसे तसेच आहे, कारण एका दिवसात लोकांच्या सवयी बदलत नाहीत. पहिल्या आठवड्यात गोंधळ होतो, नंतर काही जण वाट बदलतात, काही वेळ बदलतात, काही मेट्रोने येऊ लागतात. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून मंडई स्थानक या बाजारपेठेच्या अगदी जवळ आले आहे. पण त्याचा उपयोग किती जण करतील, हे काही आठवड्यांच्या प्रयोगातूनच कळेल.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी वाहनांवर निर्बंध घालता येतात. निर्बंध एक महिन्याहून अधिक काळाचा नसेल तर राजपत्रात अधिसूचना आवश्यक नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून प्रयोगाला मुदत असावी, ती आदेशातच लिहिलेली असावी आणि मुदत संपल्यावर मोजणीचे आकडे जाहीर झाल्याशिवाय प्रयोग पुढे वाढवू नये, असे मागणे नियमाला धरूनच होईल.

उत्तर ३ : दिल्लीतील पुणेकर

मी सदाशिव पेठेत वाढलो आणि आता दिल्लीत राहतो, म्हणून चांदणी चौकाचे उदाहरण सांगतो. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला आणि तेथे सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत मोटारवाहनांना बंदी आहे. सायकलरिक्षांना परवानगी ठेवल्यामुळे वृद्धांची आणि सामान असलेल्यांची सोय झाली. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. परंतु बंदी असूनही दुचाकी आत शिरताना अनेकदा दिसतात. उद्घाटनाच्या वेळी जी देखरेख असते ती पुढे टिकत नाही, आणि जो नियम पाळतो त्यालाच मूर्ख ठरल्यासारखे वाटू लागते.

पुण्यात लक्ष्मी रस्त्याला दोन्ही बाजूंनी इतके बोळ मिळतात की केवळ दोन टोकांना अडथळे लावून भागणार नाही. प्रत्येक बोळाच्या तोंडाशी काय व्यवस्था असेल, हे आराखड्यातच दाखवण्याची मागणी करावी.

उत्तर ४ : शनिवारपेठेतील एक गृहिणी

माझे सासरे आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जातात. वाहतुकीच्या आदेशांत ‘अग्निशमन दल, पोलीस वाहने व रुग्णवाहिका वगळून’ असे लिहिलेले असते. पण आम्ही रुग्णवाहिकेने जात नाही, रिक्षाने जातो. प्रयोगाच्या दिवशी रिक्षा अडथळ्यापलीकडेच थांबते आणि उपचारानंतर थकलेल्या माणसाला तेवढे अंतर चालवत आणावे लागते. असे घर एखादेच नाही. पेठांतून तरुण मंडळी उपनगरांत गेली आणि जुन्या वाड्यांत व त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत वयस्करच अधिक उरले आहेत.

मला रस्ता बंद झालेला आवडतो, हे आवर्जून सांगते. एरवी पदपथावरून चालताना मध्येच खाली उतरावे लागते आणि मागून येणाऱ्या दुचाकीची धास्ती असते. तरीही आजारी आणि अपंग व्यक्तींच्या रिक्षेला आत सोडण्याची लेखी तरतूद असावी. बंदोबस्तावर असलेल्या व्यक्तीच्या दयेवर ते सोडू नये. बंद पट्ट्यात विजेवर चालणारी लहान गाडी फिरती ठेवली तर अधिकच चांगले. महापालिकेने आणि पीएमपीने (शहर बससेवेने) २०२१ मध्ये ‘पुण्यदशम’ या लहान बस सुरू केल्या, तेव्हा मध्यवर्ती पेठांत दहा रुपयांत दिवसभर फिरता येत असे. प्रयोगाच्या काळात तशी सेवा वाढवून दिली, तर दुकानदारांच्या गिऱ्हाइकांनाही तिचा लाभ होईल.

नारायणपेठकर (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रिक्षेच्या लेखी तरतुदीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. तो मी अर्जात सर्वांत वर घेईन. कापडदुकानदार यांना एक विनंती आहे. मंडईजवळच्या आर्यन आणि मिनर्व्हा वाहनतळांपासून दुकानापर्यंत सामान पोहोचवण्याची सोय व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन केली, तर बस्त्याला येणाऱ्यांची अडचण बरीच कमी होईल. आपण आपल्या सहकाऱ्यांशी याबाबत बोलून पाहाल का? सम-विषम तारखांच्या पार्किंगचे प्रयोगकाळात काय होणार, हेही मी विचारणार आहे; कारण आमच्या बोळातील तो फलक पाहून बाहेरचे लोक येथे गाड्या लावण्याचा हक्कच असल्यासारखे वागतात.

प्रयोग सुरू झाल्यावर त्यापूर्वीची मोजणी करता येणार नाही, म्हणून ती आपण आत्ताच करावी असे मला वाटते. बोळाच्या तोंडाशी एक तास बसून दुचाकी, रिक्षा आणि मोटारी वेगवेगळ्या लिहून काढायच्या. एकदा मंगळवारी आणि एकदा शनिवारी, दोन्ही दिवस सायंकाळी ६ ते ७. अभ्यासक महोदयांनी नोंदीचा एक साधा तक्ता करून दिल्यास उपकार होतील. कुमठेकर रस्त्याच्या बाजूच्या बोळांत राहणारे कोणी असल्यास त्यांनी येथेच कळवावे, कारण त्या बाजूला माझ्या ओळखीचे कोणी नाही.