सोसायटीची एकदिवसीय सहल : घारापुरी, अंबरनाथ की कान्हेरी?

सचिव : सर्व सभासदांस नमस्कार. मासिक सभेत ठरल्याप्रमाणे जानेवारी महिन्यात सोसायटीची एकदिवसीय सहल काढावयाची आहे. रिसॉर्टचा प्रस्ताव बहुमताने बाजूला पडला असून, निसर्गही पाहता यावा आणि मुलांना आपल्या भागाच्या इतिहासाची ओळखही व्हावी, असे मुंबईच्या आसपासचे ठिकाण निवडावे, असे सभेचे मत होते. डोंबिवलीहून सकाळी निघून रात्री आठपर्यंत घरी परतणे आवश्यक आहे. कृपया सूचना सकारण मांडाव्यात. नुसते अंगठे पाठवू नयेत.

अ-२०३ : माझी सूचना घारापुरीची आहे. १९८७ पासून ती लेणी जागतिक वारसा यादीत आहेत आणि तेथील तीन मुखांच्या सदाशिवासमोर उभे राहिल्यावर पुस्तकातील चित्र किती तोकडे होते, हे लगेच कळते. शिवाय गेटवेपासून लाँचने तासाभराचा समुद्रप्रवास घडतो आणि हिवाळ्यात लाँचच्या मागे उडणारे कुरव पक्षी मुलांना फार आवडतात.

ब-५०४ : काका, ठिकाणाबद्दल दुमत नाही, परंतु आपण डोंबिवलीत राहतो, कुलाब्यात नाही. लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तेथून गेटवे, मग लाँच, मग धक्क्यावरून चालत किंवा छोट्या गाडीने पायथा आणि त्यानंतर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. एवढे सगळे करून लेण्यांसमोर पोहोचेपर्यंत आमच्या सासूबाईंसारख्या ज्येष्ठांची निम्मी शक्ती संपलेली असेल आणि परतीच्या लाँचची घाई सुरू झालेली असेल. डोलीची सोय तेथे असते, पण त्या स्वतः डोलीत बसणार नाहीत, हे मी खात्रीने सांगते. जाता जाता एक माहिती : या बेटावरचा तो प्रसिद्ध दगडी हत्ती आता तेथे नाही, तो भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. १८६४ मध्ये तो उचलून इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, त्यात तो फुटला आणि पुढे त्याचे तुकडे जोडण्यात आले.

अ-६०१ : मग इतक्या लांब जायचेच कशाला? आपल्यापासून लोकलने अगदी जवळ असलेले अंबरनाथचे शिवमंदिर आपल्यापैकी किती जणांनी नीट पाहिले आहे? शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातील, १०६० च्या सुमाराचे हे मंदिर भूमिज शैलीचे (छोट्या शिखरांच्या ओळींनी शिखर घडवण्याची पद्धत) असून गाभाऱ्यात जाण्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. बाहेरील भिंतींवरील शिल्पांसाठीच दोन तास लागतील.

क-१०१ : अंबरनाथबद्दलचा आपला आग्रह रास्त आहे, तथापि मंदिरालगतच्या वालधुनी नदीची आजची अवस्था पाहता सभेच्या ठरावातील ‘निसर्ग’ हा शब्द तेथे टिकणार नाही. अंबरनाथ एखाद्या रविवारी सकाळी चहा घेऊन जाऊन यावे, असे ठिकाण आहे. त्यासाठी बस आणि वर्गणीची गरज नाही.

मी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी सुचवतो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलाच्या आत, प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटरवर, काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेली शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि ती इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून सुमारे हजार वर्षे वापरात होती. बहुतेक प्रवासी तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचे प्रार्थनागृह, आणि त्याच्या ओसरीतील दोन भव्य बुद्धमूर्ती पाहून छायाचित्रे काढतात व परत फिरतात. माझ्या मते कान्हेरीचे खरे वैशिष्ट्य त्यापुढे, वरच्या अंगाला आहे, आणि ते पाण्याचे आहे. उतारावर खडकात कोरलेल्या पन्हळी पाहत चालावे, म्हणजे लक्षात येते की पावसाचे पाणी वाया जाऊ न देता ते विहारांशेजारच्या (भिक्खूंच्या निवासांशेजारच्या) टाक्यांत नेण्याची पद्धतशीर व्यवस्था येथे होती. जवळजवळ प्रत्येक विहाराला स्वतःचे टाके आहे; त्यांना शिलालेखांत पोढी म्हटले आहे. चार महिने कोसळणारा आणि आठ महिने पाठ फिरवणारा आपला पाऊस ज्यांनी ओळखला होता, त्यांनीच ही जागा वसवली, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे येथील दानलेखांत कल्याण, सोपारा आणि नाशिकच्या लोकांचे उल्लेख येतात. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान केल्याचा लेख येथे आहे. पुढे त्याच डोंगररांगेतील विहार तलाव १८६० मध्ये बांधून झाला आणि मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. तुळशी तलाव १८७९ चा. म्हणजे भिक्खूंची तहान आणि शहराची तहान एकाच डोंगराने भागवली. मुलांना इतिहास सांगायचा असेल तर सनावळ्यांपेक्षा हा धागा त्यांच्या लक्षात राहील.

९० क्रमांकाच्या लेण्यात १००९ आणि १०२१ या सालांचे पहलवी या जुन्या इराणी लिपीतील लेखही आहेत. लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे तेथे कोरून ठेवली. आता ती नावे इतिहासाचे साधन ठरली आहेत, परंतु आपल्या मुलांनी त्यापासून स्फूर्ती घेऊ नये, याची जबाबदारी पालकांची राहील.

ब-५०४ : सर, चढाव किती आहे? आणि बिबट्यांचे काय?

क-१०१ : बस लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जाते. तेथून चैत्यगृहापर्यंतच्या पायऱ्या सावकाश चढल्यास ज्येष्ठांना जमतात. वरच्या टप्प्यावर ज्यांना जायचे नसेल त्यांनी चैत्यगृहाजवळच्या सावलीत बसावे, तेथेही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. बिबटे या जंगलात निश्चित आहेत, परंतु त्यांचा वावर मुख्यतः रात्री आणि पहाटे-संध्याकाळी असतो. वाट सोडू नये आणि लहान मुलांना एकटे पुढे धावू देऊ नये, एवढी शिस्त पुरेशी आहे. बिबट्यापेक्षा माकडांची काळजी अधिक करावी. हातात उघडा खाऊ दिसला की ती तो हिसकावून घेतात.

ड-३०२ : आमच्या कन्येचा प्रश्न आहे की कारवी फुललेली दिसेल का?

क-१०१ : नाही. कारवी हे झुडूप आठ वर्षांतून एकदा, पावसाळ्याच्या अखेरीस फुलते. या उद्यानात कारवी २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली होती, त्यामुळे कन्येने आता २०३२ ची वाट पाहावी. जानेवारीत जंगल कोरडे आणि पानगळीचे असते; मात्र विरळ झालेल्या फांद्यांमुळे पक्षी अधिक सहज दिसतात. हिरवेगार कान्हेरी पाहायचे असेल तर पावसाळ्यात जावे लागेल, आणि तेव्हा शेवाळलेल्या पायऱ्यांवर ज्येष्ठांना नेणे मला योग्य वाटत नाही.

अ-२०३ : पटले. घारापुरीचा आग्रह मी मागे घेतो. फक्त रोहित पक्ष्यांचाही विचार व्हावा. ऐरोलीची खाडी आपल्याला त्याहून जवळ आहे.

क-१०१ : ऐरोलीचे ते ठाणे खाडी रोहित अभयारण्य स्वतंत्रपणे करावे. तेथील बोटफेरी भरती-ओहोटीच्या वेळेवर अवलंबून असते, त्यामुळे ती कान्हेरीला जोडल्यास दोन्हींकडे घाई होईल. फेब्रुवारीत इच्छुकांनी जावे, मी येईन.

सचिव : धन्यवाद. बहुतेकांचा कल कान्हेरीकडे दिसतो. उद्यान सोमवारी बंद असते, हे नोंदवून ठेवावे. रविवारी तेथे उसळणारी गर्दी लक्षात घेता आपण दुसरा शनिवार का घेऊ नये?

ब-५०४ : आमच्याकडच्या दोघांच्या शाळांना दुसऱ्या शनिवारी सुट्टी असते. माझा पाठिंबा आहे.

सचिव : मग दुसरा शनिवार. घोडबंदर रस्त्याची कोंडी टाळण्यासाठी बस सकाळी साडेसहाला सोसायटीच्या फाटकातून सुटेल. उशिरा येणाऱ्यांसाठी ती थांबणार नाही. प्रत्येक कुटुंबाने आपला डबा झाकण घट्ट बसेल असाच आणावा, पाणी स्टीलच्या बाटल्यांत भरावे आणि कचरा परत आणण्यासाठी एक कापडी पिशवी वेगळी ठेवावी. गुरुवारपर्यंत सदनिका क्रमांक व माणसांची संख्या याच ग्रुपवर कळवावी. ज्येष्ठांची नावे स्वतंत्र लिहावीत, म्हणजे बसमधील पुढची आसने त्यांच्यासाठी राखून ठेवता येतील.